तुमचा गळका तांब्या

अण्णा,

तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. तुमचा तांब्या गळतो. तुम्हाला जाऊन एक तप उलटलं, तरी आई रोज स्नान करून पंचगंगा घाटावरून गंगेचं पाणी त्याच तांब्यातून आणते, आणि देवघरात पोचण्याआधी निम्म्याचं अर्घ्य आमच्या जिन्याला मिळतं. पुसतो मी. ठठेरी बाजारातल्या तांबटाकडून डाग देऊन आणतो म्हटलं, तर म्हणाली, "तुझी विमानं काढ मोडीत. यांच्या तांब्याला हात लावू नकोस."

विमानांचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. ज्याला तुम्ही पाठशाळेत ज्योतिषाचं गणित शिकवलंत, तो मी मंगला गौरीच्या देवळाजवळच्या याच घरात कॉम्प्युटरपुढे बसून, जगात प्रवासी विमानं पुढे किती बनतील आणि जुनी किती निघतील, याचं भाकीत करतो. म्हणजे कुंडल्याच, फक्त हे यजमान पत्रिका चुकली म्हणून दारात येऊन बसत नाहीत. विमानाचं वय नुसतं वर्षांत धरून भागत नाही. किती वेळा चढलं, किती वेळा उतरलं, तेही बघायचं. झीज त्याने होते. सध्या कारखान्यांतून नवी वेळेवर निघत नाहीत, म्हणून मी केव्हाच निवृत्त केलेली जुनी खुशाल उडताहेत आणि मला खोटं पाडताहेत.

अशा वेळी ती संकष्टी आठवते. नुकताच गणित शिकलेला मी ऐटीत आईला चंद्रोदयाची वेळ सांगतो, पुण्याहून आलेल्या पंचांगात बघून. ती बिचारी उपाशी, नैवेद्याचं ताट झाकून बसलेली. तुम्ही पाठशाळेतून येता, ताटाकडे बघता, माझ्याकडे बघता आणि मनगटाला धरून मला गच्चीवर नेता. चंद्र चांगला हातभर वर आलेला. "पुण्याचा चंद्र काशीत चालत नाही," तुम्ही म्हणालात. "आकडा सांगण्याआधी वर येऊन बघत जा." आई मात्र हसली होती, आणि आधी मला वाढलं होतं.

तर आता बघतो. सकाळी दूध आणायला निघतो तेव्हा आईचा माग दगडांवर अजून ओला असतो. चालताना नुसते थेंब पडतात; ती टेकते तिथे लहानसं तळं साचतं. गेल्या कार्तिकात घाटापासून दारापर्यंत ही तळी लांब लांब होती. यंदा जवळ आली आहेत, आणि घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर तर एकीला लागून दुसरी. विचारलं तर म्हणते, मी कुठे थांबते, गल्लीत कोणी भेटतं, बोलावं लागतं. नदीवर जाऊ नको म्हणायची माझी प्राज्ञा नाही. तुमचीही नव्हती.

परवा ती शेजारी गेली असताना तांब्या पिशवीत घालून ठठेरी बाजाराच्या वाटेला लागलो होतो. अर्ध्या वाटेतून परत आलो. गळणं थांबलं तर ती कुठे कुठे थांबते ते मला कळायचं नाही. हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही, म्हणून इथेच राहील. एक दिवस ती पायरीवर टेकेल आणि उठणार नाही, अण्णा, याची मला भीती वाटते.