कोंबड्यापायी झाकलेले आरसे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा पूर्ण वाकलो असं समज). भावोजींचा गुडघा काय म्हणतो? इथे सगळे ठीक. मला तर आज इतकं हलकं वाटतंय की सांगता सोय नाही.

माझ्या सलूनसमोरच्या गोदामात कोंबड्यांच्या झुंजी चालायच्या, तिथे मागे धाड पडली. कोंबड्यांच्या पायांना धारदार पाती बांधायचे, मेले! मी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आलो आणि भाषण ठोकलं, की कायदा कडक हवा, मुक्या जिवाला कुणी वाली हवा. प्राणी खात्याच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एक पिंजरा माझ्या हातात दिला. आमच्याकडे जागा उरली नाही, निकाल लागेपर्यंत वाली तुम्हीच व्हा, म्हणाल्या. चारचौघांत माघार कशी घेणार?

घरी तुझ्या भावजयीची मांजर, म्हणून कोंबडा सलूनमध्ये. आणि तिथे चहूकडे आरसे! जिकडे बघावं तिकडे दुश्मन. जे शिकवलं तेच करणार ना बिचारा? चोच फुटायची वेळ आली, तेव्हा सगळ्या आरशांवर चादरी टाकल्या. पण मला गप्पांच्या नादात भान राहत नाही, आणि समोर आरसा नसला की गिऱ्हाइकाला ओरडता येत नाही. पोस्टमास्तरांची मिशी अशीच गेली. (बायकोने दार उघडलं नाही म्हणे.)

तेवढ्यात कोंबड्याचा मालक कोर्टात गेला. माझा लाडका परत द्या, म्हणे. (लाडक्याच्या पायाला पातं बांधतात?) ताई, माझी झोपच उडाली. परत गेला असता तर पुढच्याच झुंजीत संपला असता. आज निकाल लागला. न्यायाधीशबाईंनी नवा कायदा वाचला आणि म्हणाल्या, "झुंजीतून सोडवलेला जीव झुंजवणाऱ्याच्या हाती परत जाणार नाही." मी भर कोर्टात रडलो. शेजारी पोस्टमास्तरही रडले. ते नक्की कशासाठी, हे विचारायचं मी टाळलं.

मुलांना आशीर्वाद, भावोजींना गुडघा जपायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझं अंगण मोठं, आणि घरात आरसा एकच, तोही भावोजींच्या उंचीवर टांगलेला. रविवारी कोंबडा घेऊन येतो. नाही म्हणू नकोस, पत्र त्यासाठीच लिहिलंय.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच एका आरशावरची चादर घसरली. मी जीव मुठीत धरून धावलो. पण स्वारी दाण्यांपाशी उभी राहून आरशातल्याला जेवायला बोलावत होती. तेव्हा रविवारी मी एकटाच येईन. चादरी तुझ्याच आहेत, धुऊन आणतो.