चिंधी माझी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? माझं डोकं त्याहून जास्त ठणकतंय, म्हणून लिहायला बसले.

आमच्या गल्लीत नऊ भाषा बोलतात, आणि नऊही भाषांतले लोक घराची जादा चावी माझ्याच शिवणाच्या दुकानात ठेवतात, हे तुला ठाऊक आहे. एवढ्या लिप्या कोण वाचणार? म्हणून प्रत्येक चावीला मी त्या-त्या घरच्या कपड्याची चिंधी बांधते. नर्सबाईंची फिकट निळी, घड्याळजींची राखाडी पट्ट्यांची. अकरा वर्षांत एक चावी चुकली नाही.

आता समोर ती इस्त्रीवाली आलीय, कुठल्याशा समुद्रापलीकडची. सकाळी सहालाच दुकान उघडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसते. एवढं हसण्यासारखं आमच्या गल्लीत काय आहे, देव जाणे! लोक एकेक करून चाव्या तिच्याकडे हलवतायत. नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही दहाला उघडता, माझी ड्यूटी सातला संपते. मग अकरा वर्षं काय दहाला संपत होती? तेवीस हुकांपैकी चौदा रिकामे झाले. हे म्हणतात, बरं झालं, ओझं कमी झालं. यांना काय कळतंय, डोंबल!

पण मीही कच्ची नाही. चावी परत देताना चिंधी कात्रीने कापून घेते आणि बिस्किटांच्या डब्यात टाकते. चावी त्यांची, चिंधी माझी.

लोभ माझ्यावरच असावा, दुसऱ्या कुणावर नको.
तुझी धाकटी

दि. ११ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

इस्त्रीवालीला दोन पानं आणि माझ्या गुडघ्याला एक ओळ. जळायचा हक्क मलाही आहे, समजलीस?

पत्र वाचून ती बाहुली आठवली. शेजारच्या मुलीला मोठ्या मनाने दिलीस आणि फ्रॉक तेवढा काढून घेतलास. उघड्या बाहुलीशी कुणी खेळलं नाही, आणि फ्रॉक तुझ्या कपाटात पडून राहिला. आई तेव्हा म्हणाली होती, ही देतेही आणि देतही नाही.

एक विचारू? अख्ख्या गल्लीच्या चाव्या सांभाळतेस, तुझ्या घराची जादा चावी कुणाकडे असते गं?

रागावलीस तरी लिहीत जा.
ताई

दि. २३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी भरदुपारी घड्याळजी न्हाणीघरात घसरून पडले. घराचं दार ओढून लॅच लागलेलं, आत एकटेच. शेजारी चावीसाठी इस्त्रीवालीकडे धावले. तिने नेमक्या त्या दिवशी फळीला रंग द्यायला चाव्या उतरवून एका ताटात ठेवल्या होत्या. चौदा उघड्याबोडक्या चाव्या, एकीसारखी दुसरी.

ती ताट घेऊन माझ्याकडे पळत आली. पहिल्यांदाच हसत नव्हती. राखाडी चिंधी माझ्या डब्यात होती, ताई. डबा उघडून काय करणार होते?

तशाच दोघी त्यांच्या दाराशी धावलो. दोन चाव्या लावल्या, लागल्या नाहीत. आतून घड्याळजी त्यांच्या भाषेत हाका मारत होते. शब्द कळत नव्हता, पण कळत होतं. मग आठवलं, त्यांनी आपल्या चावीचे दाते कानशीने घासून गुळगुळीत केले होते. डोळे मिटून बोटांनी चाचपत राहिले. सापडली. मनगट मोडलंय, बाकी ठीक आहेत.

इस्त्रीवाली मला एका शब्दाने बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर गल्ली डोक्यावर घेतली असती. दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन आली. वाटलं, चाव्या परत करायला आली. मी मोठ्या मनाने ‘असू दे, असू दे’ म्हणायची तयारीही केली होती. तर म्हणाली, चिंध्या बांधून द्या. चौदाच्या चौदा बांधल्या. बया सगळ्या घेऊन निघाली! एकसुद्धा ठेवली नाही!

मग मीच तिला थांबवलं आणि पंधरावी दिली, आमच्या घराची. अकरा वर्षांत ती कुणाकडे दिली नव्हती. तुझा तो हिरवा फ्रॉक आठवतो? मला हवा होता आणि तुला मिळाला होता, तो. त्याचा तुकडा अजून जपून ठेवला होता. तोच बांधला. या वेळी चावी दिली, चिंधीसकट.

तिने ती शेवटच्या हुकाला टांगलीय. पहिल्यावर नर्सबाई. बघून ठेवलंय मी.

गुडघ्याबद्दल या खेपेला दोन ओळी धर, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी