असिम्प्टोमॅटिक म्हणजे

मांडवी, रत्नागिरी
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. धाकू,

दादाचे आशीर्वाद. इथे सगळी बरी आहेत. परसातल्या हापूसला मोहर फुटतोय. संध्याकाळी वारा सुटला की वास ओटीपर्यंत येतो आणि मला आपली शाळा आठवते. एका खोलीत सगळे वर्ग, कवितेच्या तासाला मास्तर तुला उभं करायचे आणि मी मागून ओळी पुरवायचो.

काल फोनवर डोळे तपासून घे म्हणालो, तर तू हसलास. "दादा, मला काय झालाय? शेंड्यावरचा मोहर दिसतो मला!" म्हणालास नि फोन ठेवलास. म्हणून लिहितोय.

मला काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असिम्प्टोमॅटिक होता, काका." घरी येऊन शब्दकोश उघडला: लक्षणरहित. आजवर शिकलेलं प्रत्येक विशेषण काहीतरी दाखवायचं, हिरवं रान, निळं पाणी. हे म्हणतं, दाखवण्यासारखं काही नाही. पुन्हा गेलो तेव्हा बाईंना विचारलं, हा शब्द लावायचा कुणाला? म्हणाल्या, "ज्याला काहीच होत नाही, त्यालाच. त्रास जाणवू लागला की हा शब्द काढून घेतो आम्ही. पण तोवर गेलेली नजर परत येत नाही."

कळलं ते अनिलच्या सानवीमुळे. जुनी कवितांची पुस्तकं मी रोज वाचतो, कधी अडखळलो नाही. तिने तिच्या पुस्तकातली नवी कविता दिली. म्हणाली, "आजोबा, ओळीचा पहिला शब्द का गाळता?" मला गाळलेलं कळतच नव्हतं. जुन्या कविता मी वाचत नव्हतो रे, पाठ म्हणत होतो. बाई म्हणतात, न दिसणाऱ्या जागी काळोख नसतो, मेंदू आजूबाजूचं ओढून ती भरतो. आता जेट्टीवर उभा राहिलो तरी धडकी भरते. समोरचा समुद्र खरा किती, नि मीच भरलेला किती?

हा आजार भावाभावांत असतो. वडील शेवटी चाचपडत चालायचे, आपण म्हणायचो वय झालं.

आता टाळत होतो ते लिहितो. दिवाळीत तुझ्या गाडीत मी पुढे बसलो होतो. सावर्ड्याच्या बाजाराकडे वळताना मागून तुझी नात वेदिका किंचाळली, "आजोबा, बाई!" तू ब्रेक दाबलास. डावीकडे, चाकाला लागून, टोपली घेऊन बाजाराला निघालेली हौसा. तू ओरडलास, "कुठनं उगवलीस गो?" ती म्हणाली, "केवाची चालत्ये हितं! डोळे हायत काय?" सगळे हसले. मी नाही हसलो. मलाही ती दिसली नव्हती.

उद्या सकाळी वेदिका आणि वाडीतली पोरं शाळेला त्याच गाडीत बसतील. हा विचार मला धड जेवू देत नाही.

हे पत्र घेऊन अनिल आत्ताच्या एसटीने येतोय. चावी त्याला दे. पोरांना तो सोडेल, मग तुला इथे तपासायला आणेल. तू नाही म्हणशील हे ठाऊक आहे, म्हणून तुझ्या सुनेला, मालनला, फोन करून सगळं सांगून बसलोय. ती पोरांना तुझ्या गाडीत चढू देणार नाही. तुझ्याच घरात तुझ्याविरुद्ध माणूस उभं केलं. राग धर, मला बोल, पण ये.

बाई "काही नाही" म्हणाल्या तर मी देवाला नारळ फोडीन. तू म्हणालास तर मानणार नाही.

तुझ्या शब्दावर पहिल्यांदाच विश्वास न ठेवणारा,
दादा