विहिरीचं पाणी तू मामाला दिलं नव्हतंस

प्रिय आई,

तुझं वर्षश्राद्ध होईपर्यंत तुझ्यावर रागवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ते झालं. आणि आज दुपारी तुझा लेक श्रीधर येऊन गेला. अण्णांच्या मागे राहिलेलं चामराजपेटेतलं घर त्याला एकट्याच्या नावावर करून घ्यायचं आहे, त्यासाठी माझी सही हवी आहे. तो गेल्यावर मला कुणाशी तरी भांडायचं होतं. श्रीधरशी नाही, तुझ्याशी. म्हणून हे पत्र.

तुला तो शेतीचा खेळ आठवतो? अण्णांच्या हापिसातला गोरा साहेब देश सोडून निघाला, तेव्हा त्याने घरातलं सामान वाटून टाकलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला दिवा. अण्णांच्या वाट्याला हा खेळ आला, तोही अर्धा. पट शाबूत होता, त्यावर शेतं, तळं, कुरणं रंगवलेली. सोंगट्या मात्र बहुतेक हरवलेल्या. अण्णा म्हणाले, रद्दीत घाला. तू म्हणालीस, "राहू दे, मी करते."

आणि केल्यास. कुंभाराकडच्या मातीच्या गाई, काडेपेट्यांचे गोठे, झाडूच्या काड्यांची कुंपणं, अण्णांच्या जुन्या सदऱ्यांच्या बटणांच्या विहिरी. साहेबाच्या पटावर गहू होता. "हे पीक आमच्याकडे कुठलं?" म्हणत तू त्याच्यावर खळ लावून खरी नाचणी चिकटवलीस. उंदीर ती खाऊन जायचे आणि तू पुन्हा चिकटवायचीस. आनेकलच्या शेतात वाढलेली तू. चामराजपेटेच्या दोन खोल्यांत तुला तेवढीच शेती उरली होती.

खेळ सोपा नव्हता. एका पाळीला एकच काम: नांगरणी, पेरणी, विहीर, नाहीतर गोठा. सुगीला घरच्यांची पोटं भरायची. धान्य कमी पडलं तर गाय विकायची, गाय नसेल तर शेत. शेत गेलं की माणूस डावातून बाद. अण्णा, श्रीधर आणि मी खेळायचो. तू कधी बसली नाहीस. भिंतीशी तांदूळ निवडत असायचीस आणि तिथूनच बोलायचीस. "शांते, आधी पाणी बघ, मग पेर." किंवा नुसतंच, "हं, विक गाय. मग पुढे काय खाशील?"

तू एकदाच खेळलीस. मामा आनेकलहून अवरेच्या शेंगा घेऊन आला होता आणि आमच्याबरोबर डावाला बसला होता. डाव अर्ध्यावर असताना अण्णांचं डोकं दुखायला लागलं. ते म्हणाले, "माझ्या जागी हिला बसवा," आणि आत जाऊन आडवे झाले. तू हात पुसत आलीस. अण्णांनी पार वाट लावलेली शेती तू हातात घेतलीस आणि सगळी कामं सोडून आधी विहीर खणलीस. मामा हसला. दोन सुग्यांनंतर तळं आटलं, तेव्हा सबंध पटावर पाणी होतं ते तुझ्या विहिरीत.

मामा म्हणाला, "अक्का, एक पाळी पाणी दे की. पुढच्या सुगीला धान्य देतो."

"कुठून देशील? तुझ्याकडे बीसुद्धा नाही."

"अगं, मी तुझा भाऊ."

"इथे बसला आहेस तोवर शेतकरी आहेस," तू म्हणालीस, आणि पाणी दिलं नाहीस. त्याची एकेक गाय गेली, मग शेतं गेली. तो हसत उठला, पण त्याचे कान लाल झाले होते. श्रीधर आणि मी तुझ्याकडे बघतच राहिलो. तुझा असा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता.

म्हणूनच मला पुढचं सहन होत नाही, आई. तुला काही कळत नव्हतं असं असतं, तर मी गप्प बसले असते.

आजोबा गेले. मुलींनाही बापाच्या मालमत्तेत वाटा, असा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. आनेकलची ती विहिरीची जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली. निम्मी तुझी होती. मामा आला, आपल्या बाहेरच्या खोलीत बसला, आणि फार लाघवीपणे म्हणाला, "अक्का, उद्या स्वल्प, अगदी जरासं, कचेरीत यायचं. एक सही आहे, बाकी काही नाही."

तू विचारलं नाहीस कसली. तुला माहीत होतं. अण्णांनी पेपर तोंडासमोरून खाली घेतला नाही. मी दारात उभी होते. तू हळूच म्हणालीस, "सरी."

बरं म्हणालीस, बस, एवढंच. नऊवारीवर शाल घेऊन तू गेलीस आणि मामाने घेतलेली साडी घेऊन परत आलीस. मी विचारलं, "का केलंस?" तू म्हणालीस, "तुझं लग्न झालं की कळेल. बाईला जायला एक घर लागतं."

माझं लग्न झालं. मला कळलं. पण आई, ते घर तुला मिळालं का?

पहिली काही वर्षं गौरीच्या सणाला माहेरचं बोलावणं आलं. मग नुसतीच साडी यायला लागली, मग तीही बंद झाली. तू कधी विषय काढला नाहीस. शेजारणींना मात्र सांगायचीस, "आमच्या आनेकलच्या विहिरीचं पाणी किती गोड!"

शेवटच्या आजारात तू श्रीधरच्या मागे लागलीस, "मला चार दिवस तिथे नेऊन सोड." तो आधी विचारायला गेला. तू पिशवी भरून खुर्चीत बसून राहिलीस. मी समजावलं, झोप आता. ऐकलं नाहीस. संध्याकाळच्या बसने तो परतला आणि म्हणाला, मामा गावाला गेलाय, घर बंद आहे.

तू त्याच्याकडे पाहिलंस. मग विचारलंस, "बाहेरून कुलूप होतं, की आतून कडी?"

श्रीधर मोरीत पाय धुवायला गेला. पिशवीतली लुगडी मीच काढून पुन्हा पेटीत ठेवली. त्यानंतर तू आनेकलचं नाव घेतलं नाहीस. पुढच्या अमावास्येच्या आत गेलीस. तेराव्याला मामा आला, पोटभर जेवला आणि पंक्तीत म्हणाला, "आमची अक्का देवमाणूस. आयुष्यात कधी काही मागितलं नाही." मी वाढत होते. हातातली पळी खाली ठेवून मी आत गेले.

त्या संध्याकाळी पाय धुवायला गेलेला श्रीधरच आज माझ्याकडे आला होता. सगळं डोळ्यांनी पाहिलेला. मी कॉफी दिली. तो म्हणाला, "अक्का, सणावाराला तुला मी नेतोच की. नाव कुणाचंही असलं म्हणून काय झालं?"

मी विचारलं, "आणि सही नाही केली तर?"

तो कॉफीचा लोटा हातात फिरवत बसला. मग अगदी हळू म्हणाला, "मग कसं जमेल, अक्का?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो तुझ्यासारखा हळू बोलला. मी म्हटलं, "मी सही करणार नाही, श्रीधर." कॉफी तशीच ठेवून तो उठला. जिना उतरताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी खिडकीत उभी होते.

तू मला पाणी राखायला शिकवलंस आणि स्वतः मात्र दिलंस. ज्याच्यासाठी दिलंस, तेही मिळालं नाही. यातलं काय मी शिकायचं होतं? तुझ्यावरचा माझा राग जायला अजून बरीच वर्षं लागतील. कदाचित जाणारही नाही.

पण एक शब्द देते. या गौरीला बोलावणं येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी चामराजपेटेला जाणार. सही न करता जाणार. दार वाजवेन आणि उघडेपर्यंत पायरीवर उभी राहीन. कडी लावायचीच असेल, तर श्रीधरने माझ्या तोंडाकडे बघून लावावी.

तुझी,
शांता
बसवनगुडी