चारशे बारा माशांचं रजिस्टर

२ फेब्रुवारी, रविवार
सूनबाईचं उजवं मनगट सुजलं. दहा दिवस टायपिंग बंद. आणि गुरुवारी परदेशातल्या म्युझियमला ट्रायल काम द्यायचंय. पास झालं तर नुपूरला वर्षभर घरबसल्या नोकरी. काम काय, तर पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांमधले जुने मासे, बरण्यांत ठेवलेले. लेबलाचा फोटो बघून कॉम्प्युटरात उतरवायचं. मासा, नदी, तारीख, कोणी पकडला. बस्स. म्हटलं, मी करतो. तीस वर्षं इथे इंडस्ट्रियल एरियात गॅरेजचं स्टोअर सांभाळलं. मासे काय अन् बेअरिंग काय.

३ फेब्रुवारी
रोज दीडशे करायचे ठरवलं. अकरा झाले. खुर्ची बरोबर नाही.
नुपूरने तीनदा बजावलं, आबा, दिसेल तेवढंच लिहा, नसेल तिथे मोकळं सोडा. हो म्हटलं. उगाच वाद नको.

४ फेब्रुवारी, दुपार
अर्ध्या लेबलांवर तारीख नाही, कुठे नदीच नाही, कुठे पकडणाऱ्याचं नाव नाही. काय माणसं ही! आमच्या स्टोअरात रकाना मोकळा दिसला की ऑडिटर फाडून खायचा. वरच्या ओळीत आहे तेच खाली भरायचं, हा नियम. वल्लरीने, नातीने, कॉपी-पेस्ट शिकवलं. म्हणाली, आजोबा, सो इझी. आता स्पीड आला.

६ फेब्रुवारी
चारशे बारा! एकही रकाना रिकामा नाही. नुपूर म्हणाली, थांबा, एकदा नजर टाकते. कशाला फुकटची कटकट? ती फिजिओथेरपीला गेली तेवढ्यात पाठवून दिलं. खलास. कैवल्यला ऑफिसात फोन केला, बायकोची नोकरी पक्की केली तुझ्या. मीटिंगमध्ये होता.

९ फेब्रुवारी
म्युझियमची मेल. त्यांचा कोणी डेंटन साहेब १९३४ साली वारला. आपल्या यादीत तो १९७१ पर्यंत मासे पकडतोय. एकटाच. आणि ज्या बरण्यांना नदी नव्हती, त्या सगळ्या नायजर नदीत.
नुपूर म्हणाली, आबा, मोकळं म्हणजे माहीत नाही. माहीत नाही, हीसुद्धा माहितीच असते.
माझ्या डोक्यात शिरलं नाही. कैवल्य म्हणाला, बाबा, तुम्ही टीव्ही बघा बरं.

१० फेब्रुवारी
काम दुसऱ्याला दिलं.
नुपूरने त्यांना काय लिहिलं होतं, ते कैवल्यने वाचून दाखवलं. चूक सगळी माझी, मीच घाईत भरलं, माफ करा.
चार दिवस पाठ मोडून मी बसलो. चारशे बाराच्या चारशे बारा मी भरले. आणि माझं नाव कुठेच नाही!
विचारणारच होतो तिला. किचनमध्ये गेलो. डाव्या हाताने कणीक मळत होती.
राहिलं विचारायचं.