बेचाळिसावी चाचणी

बीड,
रविवार, १६ मे २००४

वैष्णवी,

'प्रिय' लिहायला हात धजेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तू खुशाल असशीलच. इकडे आईचे गुडघे तसेच, दादांचं सिरसाळ्याचं दुकानही तसंच. दादा दर फोनला विचारतात, "तुझी जोडीदारीण पुण्यात रमली का?" मी हो म्हणते.

तुझं पत्र मिळालं. दोन पानं नव्या कंपनीची: काळ्या काचा, गार हवा, कॅन्टीनमधलं इडली-सांबार. आणि शेवटी चार ओळी: 'टँकरच्या प्रकरणात तू पडू नकोस. क्लार्कने माहिती चुकीची भरली, एवढंच म्हण. बाकीचं बाबा बघतील.'

लाज नाही वाटली तुला? त्या क्लार्कला नाव आहे. राधाकिशनमामा. आपण तहसील कचेरीत पहिल्यांदा गेलो तेव्हा तुला स्वतःची खुर्ची देऊन ते पेट्यांवर बसले होते. त्यांना निलंबित केलंय. सोमवारी, २४ तारखेला चौकशी आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्या माणसावर आळ आहे की यादीत एक वस्ती त्याने गाळली. ती कोणी गाळली हे तुला माहीत आहे.

टँकर आधी कुठे पाठवायचा याची यादी काढणारा कचेरीचा प्रोग्राम लिहीत वर्षभर आपण दोघी एका कॉम्प्युटरपुढे बसलो. ऑफिसखालचा सायकलवाला आपल्या श्रीशैल सरांना म्हणायचा, "एक बडवती, एक नुसती बघती. दोघींला पगार कावून देता ओ सर?" सर हसून म्हणायचे, "बघणारीलाच जास्त द्यायला पाहिजे. हात चालायला लागले की डोळे झोपतात." आधी प्रश्नपत्रिका काढायची, मग प्रोग्राम लिहायचा, हीही त्यांचीच शिकवण. चाचणी आधी लाल यायची, प्रोग्राम बरोबर झाला की हिरवी. आणि एक जरी लाल असेल तरी काम दाराबाहेर जाणार नाही. मला तेव्हा वाटायचं, हे नुसतं कॉम्प्युटरचं नाही, जगण्याचंच शास्त्र आहे. तू मला 'कीर्तनकार' म्हणायचीस.

घोडखिंड आठवते? सरांनीच पाठवलं होतं, ज्यांना पाणी लागतं त्यांना विचारून या म्हणून. कचेरीच्या रजिस्टरात ती वस्ती टाकळखेडच्याच ओळीत लिहिलेली. गावात खेप पडली की वस्तीलाही पाणी मिळालं, असा हिशोब. भामाबाईंनी आपल्याला बाजेवर बसवलं, तांब्यात उरलेलं पाणी दोघींना अर्धं अर्धं दिलं आणि म्हणाल्या, "गावात टँकर आला म्हंजी आमाला आला व्हय गं? दोन कोस हाय गाव. लिहून घे, घोडखिंड येगळी हाय."

लिहून घेतलं आपण. परत आल्यावर सगळ्यात आधी तीच चाचणी लिहिली, बेचाळिसावी: घोडखिंडीत तीन दिवस खेप नसेल, तर टाकळखेडला कितीही पाणी पडलेलं असो, घोडखिंड यादीत सगळ्यात वर आली पाहिजे. चाचणी लाल आली. यायलाच हवी होती, कारण टाकळखेडच्या ओळीतून घोडखिंड वेगळी काढायचं काम अजून झालेलं नव्हतं. चार दिवसांचं काम होतं.

आणि कचेरीतल्या साहेबांनी यादीच्या उद्घाटनाचा कार्यक्रमच अलीकडे घेतला. सर आईच्या ऑपरेशनला हैदराबादला. तुझे बाबा फोनवर फोन करत होते, काम त्यांच्याच शब्दावर मिळालेलं. तू म्हणालीस, "काढून टाक. एकच तर आहे. सोमवारी परत घालू."

दुसऱ्या दिवशी एकेचाळीसच्या एकेचाळीस हिरव्या. हार, नारळ, पेपरात फोटो. सोमवारी तू मुलाखतीला पुण्यात होतीस.

त्यानंतर अकरा दिवस घोडखिंडीत टँकर गेला नाही. बाराव्या दिवशी भामाबाई पाण्यासाठी विहिरीत उतरत होत्या, पायरीचा दगड निसटला आणि खुब्याचं हाड मोडलं.

मी राधाकिशनमामांच्या घरी गेले होते. ओट्यावर बसून ते मला समजावत होते, मला! "पोरी, आधी मी तोंडपाठ सांगायचो. आज घोडखिंडीचा नंबर हाय म्हणून डायव्हरला वरडायचो. साहेब म्हणले, आता यादी बोलंल, तू गप बस. मी गप बसलो. तेवढीच माझी चूक हाय बघ." कचेरीतली एकमेव चालू असलेली चाचणी तो माणूस होता, वैष्णवी. आपण तीही बंद केली.

मग अंबाजोगाईला दवाखान्यात गेले. भामाबाईंच्या पायाला वजन लावलंय. त्यांनी मला ओळखलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "तूच ना ती लिहून घेणारी? मंग घोडखिंड कुठं ग्येली गं?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर आले.

इथपर्यंत सगळं तुझ्यावर ढकलत आणलं. आता पुढचं लिहिते. सर रोज संध्याकाळी चाचण्यांचा कागद छापून घ्यायचे, त्यावर कीबोर्डवर कोण आणि शेजारी कोण ते लिहून आपल्या सह्या. ते गावाला गेले तरी आपण ती सवय मोडली नव्हती. १४ एप्रिलचा कागद: बेचाळीस, एक लाल. १५ एप्रिलचा: एकेचाळीस, सगळ्या हिरव्या. त्यावर माझ्याच अक्षरात आहे, 'कीबोर्ड: ईश्वरी. शेजारी: वैष्णवी.'

तू 'काढून टाक' म्हणालीस. काढली मी. नाही म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दादा येणार होते, दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून. आपली लेक, घरातली पहिली पदवीधर, साहेबांशेजारी उभी राहिलेली त्यांना बघायची होती. मला ते बघायचं होतं. आणि सोमवारी मला ती फाईल उघडता येत होती. 'जोडीदारीण नाही, सर नाहीत' असं मनाशी म्हणत मी ती उघडली नाही. मला लाल रंग बघायचा नव्हता.

तुझा जितका राग येतो त्याहून जास्त माझा येतो, म्हणून तुझा कमी होत नाही. तू शेजारी होतीस. शेजारी बसणारीचं काम हात धरायचं असतं. तू घाई केलीस, आणि आता पुण्याच्या गार हवेत बसून एका म्हाताऱ्या माणसाला पुढे करतेस.

काल सरांना सगळं सांगितलं. त्यांनी फाईलमधून ते दोन्ही कागद काढून माझ्यापुढे ठेवले. "तुझी नोकरी जाईल. ऑफिसही राहील का सांगता येत नाही. तरी तू चौकशीला जा." दादांना अजून सांगितलेलं नाही. आधी चौकशीत सांगेन, मग सिरसाळ्याला जाईन. हार घातलेला फोटो त्यांनी दुकानात गल्ल्याच्या वर लावलाय.

२४ तारखेला सकाळी अकरा वाजता कचेरीत हे कागद घेऊन मी उभी असेन. कबुलीजबाब लिहिलाय, त्याची प्रत सोबत आहे. तू नाही आलीस तरी मी तो देणार आहे. फक्त शेवट वाचून बघ. आपण एकीच्या सहीने कधीच काम दिलेलं नाही, म्हणून जागा सोडली आहे. चौकशीत ती रिकामी का, असं विचारलं, तर मी खरं तेच सांगेन.

कीबोर्ड: ईश्वरी

शेजारी: ____________