दहा वर्षांनी खुली करावी

६ मे २०२५, मंगळवार

रुजू झाले एकदाची! पुण्याहून आल्यावर सात महिने नुसते अर्ज पाठवण्यात गेले. आज आयर्लंडमधल्या नास गावाबाहेरच्या या छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या टेबलावर माझं नाव लागलं. काम डिजिटल संग्रहाचं. इथले प्रबंध, लेख, मुलाखती जगात कुणालाही फुकट वाचता-ऐकता याव्यात आणि पन्नास वर्षांनीही त्या फाइली उघडाव्यात, याची जबाबदारी आता माझी आणि नूलाची. नूला माझी वरिष्ठ. साठीला आलेली, ठेंगणी, सगळं काही 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत 'छान', असणारी. इथल्या बाकी सगळ्यांसारखाच तिलाही माझ्या नावातला 'ज्ञ' काही जमत नाही. तिने धोरणाची बावीस पानं हातात ठेवली आणि चहा आणायला गेली. आल्यावर म्हणाली, सार एवढंच आहे: आत आलेलं पुसायचं नाही, बदलायचं नाही, आणि दिलेला शब्द पाळायचा.

आमची खोली तळघरात आहे. इमारत पूर्वी मठ होती. भिंती हातभर जाड, दार लोखंडी, आतून दोन कड्या. मोबाइलला रेंज नाही. पण खिडकीच्या फटीतून हिरवळ दिसते. वर जाऊन आईला फोटो पाठवला.

१४ मे, बुधवार

मला घेण्याचं खरं कारण आज कळलं. २०१५ साली इथल्या एका प्राध्यापकांनी इथल्या किल्डेअर परगण्यातल्या स्थलांतरितांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यातल्या सहा मराठीत आहेत आणि आजवर त्या कुणालाच समजल्या नाहीत. मी ऐकून वर्णनं लिहायची. पाच गोड आहेत: पहिला बर्फ, कोथिंबिरीचा शोध, मुलं मराठीला इंग्रजीतच उत्तर देतात ही तक्रार.

सहावी बंद आहे. बाईंनी नाव दिलेलं नाही. फॉर्मवर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, 'दहा वर्षांनी खुली करावी.' मुदत १ जूनला संपते.

ती ऐकली आणि जेवण गेलं नाही. बाई डॉक्टर. आवाज शांत, औषध किती वेळा घ्यायचं ते सांगावं तसा. नवऱ्याचं नाव एकदाही घेत नाहीत, 'हे' म्हणतात. "ह्यांनी माझा उजवा हात स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये धरला आणि ड्रॉवर लाथेनं बंद केला. चार वेळा ओरडले. पाचव्या वेळी मी ओरडायची थांबले, म्हणून हे थांबले." दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. शस्त्रक्रिया करणं सुटलं. मग घर सोडलं. नवऱ्याला वाटतंय की त्या कॅनडाला गेल्या. खरं म्हणजे त्या इथून जवळच लिक्सलिपला आहेत, शोभना नावाच्या मैत्रिणीच्या पाळणाघराच्या वर.

नूलाला विचारलं, निदान पत्ता कापू या का? तिने बराच विचार केला. म्हणाली, मूळ ध्वनिफितीला हात लावता येत नाही, पण खुली करण्याआधी बाईंना विचारायला हवं. फॉर्मवरच्या ईमेलवर लिहिलं. परत आलं. तो पत्ता बंद झालाय. प्राध्यापक वारले. धोरण म्हणतं, उत्तर नाही आलं तर बोलणाऱ्याची लेखी इच्छा अंतिम. दहा वर्षं झाली, त्या आता तिथे नसतीलच, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मी 'संपर्काचा प्रयत्न केला' या चौकोनात खूण केली.

२२ मे, गुरुवार

आज चक्क एक मराठी गृहस्थ आले! पुरुषोत्तमकाका, साठीच्या आतबाहेर, इस्त्रीचा शर्ट, पंचवीस वर्षं इथे इंजिनियर, इंग्रजी अगदी इथल्या हेलात. मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करतायत. इतक्या दिवसांनी समोर बसून मराठी बोलायला मिळालं, मी सुटलेच. पाचही मुलाखती लावून दिल्या. त्यांनी विचारलं, बायकांच्या नाहीत का आणखी? मी सांगितलं, एक आहे, डॉक्टर बाईंची, १ जूनला खुली होईल. त्यांनी तारीख वहीत टिपून घेतली. मग म्हणाले, येईन की. जाताना डब्यातला चिवडा देऊन गेले. चांगला होता.

३ जून, मंगळवार

काल सुट्टी होती. आज नऊलाच काका दारात. घरी ऐकता येईल म्हटलं, तर म्हणाले, कॉम्प्युटरचं मला जमत नाही गं. इंजिनियर माणूस! तरीही मी हसून हेडफोन लावून दिले.

दुपारपर्यंत बसले होते. नोंदीत पाहिलं तर त्यांनी शेवटची चाळीस सेकंदं अकरा वेळा ऐकली होती. पाळणाघराचा भाग. उठले तेव्हा डोळे कोरडे होते आणि उजव्या हाताची मूठ मांडीवर हळूहळू आपटत होती. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ज्ञानदा, पोरी, फार मोठं काम केलंस."

काहीतरी खटकलं. काय, ते कळलं नाही. नूलाला सांगायला गेले तर ती मीटिंगमध्ये.

५ जून, गुरुवार

सांगायला हवं होतं. त्याच क्षणी.

सकाळी रेडिओवर ऐकलं. लिक्सलिप. काल दुपारी पाळणाघर सुटल्यावर. भारतीय डॉक्टर महिला, वय चौपन्न, हातोडीने खून. मैत्रीण मध्ये पडली, ती बेशुद्ध आहे. मुलं घरी गेली होती, एवढीच देवाची दया. नवरा फरार. मग टीव्हीवर त्याचा फोटो दाखवला.

इस्त्रीचा शर्ट.

बाईंचं नाव आज कळलं. स्नेहलता. नूला आणि मी गार्डांकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, जाऊन सगळं सांगितलं, खूण केलेल्या चौकोनासकट. नूला म्हणाली, सही माझी आहे. मी म्हणाले, पत्ता मी दिला. मुलाखत लोकांसाठी बंद केली. मूळ प्रत मात्र आहे. तीन ठिकाणी.

६ जून, शुक्रवार

ग्रंथालयाच्या फोनवर तो आला. मराठीत. आवाज चढवला नाही. म्हणाला, मुलाखतीचं पान दिसत नाही, छान झालं, आता आतलंही पूस. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं की पुसता येत नाही, मूळ प्रत राहतेच.

तो म्हणाला, "मी तिला गप्प केलं. आणि ती तुझ्याकडे अजून बोलतेय?"

मी फोन ठेवला. पुन्हा वाजला. एकोणीस वेळा. पोलिसांना सांगितलं. गाडी फिरती ठेवतो म्हणाले.

मी रोज तोच आवाज ऐकते. डोक्यात. "पाचव्या वेळी मी ओरडायची थांबले—"

९ जून, सोमवार, सकाळी १०.२०

पोलिसांना मूळ फाइलची प्रमाणित प्रत हवी होती, म्हणून आलो. परीक्षा संपल्या, कॉलेज रिकामं. लख्ख ऊन. नूला चष्मा आणायला गाडीकडे गेली. वेळ झाला म्हणून मी वर गेले.

ती गाडीशी गुडघ्यांवर होती. तो मागे. हातोडी दोनदा खाली आली. ओल्या लाकडासारखा आवाज. तिचा हात गाडीच्या दारात होता आणि तो दार लाथेने—

त्याने वर पाहिलं. माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

पळाले. दोन्ही कड्या लावल्या. भिंतीवरच्या फोनवरून पोलिसांना कळवलं. निघालेत. नूलासाठी ॲम्ब्युलन्सही. ती जिवंत आहे का, माहीत नाही. मला माहीत नाही.

लिहिते आहे, कारण पोलीस येईपर्यंत दुसरं काही करता येत नाही.

१०.२८

जिन्यावर पावलं. नूलाचं कार्ड घेतलंय त्याने. कुलूप उघडलं, कड्यांनी अडलं.

दाराबाहेरून बोलतोय. "पोरी, तुझ्याशी माझं काही नाही. ती फाइल पूस, मी जातो. तुला आई असेल ना पुण्याला?"

तिन्ही प्रती इथून पुसता येतात. मला अधिकार आहे. एक बटण. बोट त्यावर ठेवलं होतं. खोटं कशाला लिहू? ठेवलं होतं.

१०.३३

हातोडी. दारावर. प्रत्येक घावाला चुना पडतोय. खालची कडी वाकली—

तो शिव्या देतोय. तिला. मला नाही. तिला, नाव घेऊन.

पुसलं नाही. पोलिसांच्या पत्त्यावर प्रत पाठवली. पोहोचली. बाई, तुम्ही बोललात ते राहील. पत्ता मात्र मीच—

१०.३९

थांबलं.

खालची कडी तुटून जमिनीवर. वरची आहे.

सायरन. दूर. किंवा जवळ, भिंतीतून कळत नाही.

१०.४२

पावलं परत आली, या वेळी जोरात, बूट. दार ठोठावलं. गार्डा आहे म्हणाला. इंग्रजीत, इथल्याच हेलात. तो माणूस पकडलाय, सगळं ग्रँड आहे, नूलाला घेऊन गेले, श्वास चालू आहे. दार उघडा.

देवा. रडतेय. श्वास चालू आहे.

एका हाताने कडी सरकवतेय, अर्धी आली, गंजलीय, तो म्हणतोय, घाई नको, ज्ञानदा—

ज्ञानदा. अगदी बरोबर म्हणाला. 'ज्ञ' सकट. इथे एकाही माणसाला माझं नाव नीट म्हणता येत ना—

कडी परत ढकल—